उरलेल्या टेपवरचे गाणे

३ फेब्रुवारी, मंगळवार

व्याख्यानाचा पहिला परिच्छेद चार वेळा लिहिला, चौथा टिकला. विषय महाविद्यालयाने दिलेला: जुनी रॉक गाणी इतकी वर्षे का टिकतात? निवृत्तीनंतर सात वर्षांनी इंग्रजी विभागाला माझी आठवण झाली, तीही अशा विषयासाठी. असो. माझे प्रतिपादन सरळ आहे. काळ हा परीक्षक आहे. बांधीव रचना उरते, ढिसाळ गळून पडते.

दुपारी श्रीधरचा फोन. दिवाळीखेरीज धाकटा भाऊ मला फोन करीत नाही. फुप्फुसे निकामी होऊ लागल्यापासून एक वाक्य दोन श्वासांत बोलतो.

"ताई, तुझी ती रेकॉर्ड... आहे ना अजून?"

"आहे."

"दे की मला. एकदा नीट उतरवून घेतो."

'बघते' म्हटले. छत्तीस वर्षांत त्या रेकॉर्डचे नाव आमच्यात निघाले नव्हते.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सायंकाळी घरासमोरून वरात. बँडवाले त्याच रेकॉर्डवरचे गाणे वाजवीत होते, आणि तिसऱ्या कडव्याची दुसरी ओळ अर्थातच दोनदा. फाटकापर्यंत गेले. जायला नको होते, पण चूक ऐकून गप्प बसणे मला जमत नाही. क्लॅरिनेटवाला साठीचा, घामाने निथळत होता.

"ती ओळ एकदाच आहे."

"न्हाय मॅडम, दोनदाच हाय."

"मूळ गाण्यात एकदाच आहे."

"आमच्या वडलांनी क्यासेटवरनं बसवलंय. नव्या पेठेतल्या श्रीधरभाऊंची क्यासेट. पोरगं मोबाईलवर ऐकवतंय, तितं एकदाच येतंय. त्या मोबाईलवाल्यांनीच कापलंय की ते."

मागून ताशेवाला ओरडला, "अवो, मॅडमला नाचायचं आसंल, वाट सोडा की!" वऱ्हाडी हसले. मी आत आले.

हे सारे श्रीचे कर्तृत्व. नव्या पेठेत त्याचे कॅसेटी भरून देण्याचे दुकान होते. गिऱ्हाईक गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट आणून देई. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटे. यादी एकोणचाळीस मिनिटांत संपली तर उरलेल्या सहा मिनिटांत हा हेच गाणे भरी, फुकट आणि न विचारता. टेप कोरी ठेवून देणे त्याला गिऱ्हाइकाचा अपमान वाटे, आणि हे गाणे बरोबर सहा मिनिटांचे होते. भजनांमागे हेच. विणकरांच्या घरी तेलुगू लग्नगीतांमागे हेच. अक्कलकोटच्या एका पुजाऱ्यांकडे पहाटेच्या भूपाळीनंतर इलेक्ट्रिक गिटार वाजत असे आणि कोणी उठून बंद करीत नसे.

रेकॉर्ड मात्र माझी, इंग्लंडहून आणलेली. श्रीने माझ्या कपाटातून न विचारता नेली आणि तिच्यावरून एक मूळ कॅसेट केली. सुई चऱ्यावर अडखळून मागे गेली, याने बोटाने पुढे ढकलली, ओळ दोनदा आली. त्या एका कॅसेटवरून सारे शहर.

८ फेब्रुवारी, रविवार

जुळे सोलापूरला श्रीकडे. खाटेशेजारी प्राणवायूचे यंत्र, नाकात नळी. इतका बारीक झाला आहे की मनगटावरचे घड्याळ कोपरापर्यंत सरकते.

"भाषणात काय सांगणार?"

"रचनेचे महत्त्व."

तो हसला, हसण्याचा खोकला झाला. त्याच्या बायकोने, सुनंदाने, पाठ चोळली. मग म्हणाला, "ताई, माझ्याकडं त्याच्यापेक्षा भारी गाणी होती. दहा-दहा, बारा-बारा मिनिटांची. उरलेल्या टेपेत मावायची नाहीत. मावलं ते राहिलं बघ."

"हा अपघात झाला. कारण नव्हे."

"अपघात तर अपघात. पण हजारदा भरलं आणि एकदाबी कंटाळलो नाही, हेपण लिही."

हे वाक्य माझ्या व्याख्यानातल्या तिन्ही मुद्द्यांपेक्षा बरे आहे. लिहून घेतले नाही.

नंतर स्वयंपाकघरात सुनंदा हळू आवाजात: "वन्सं, डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलंय. आता महिने नाहीत म्हणाले. आणि हे दिवसभर एकच घेऊन बसलेत. जायच्या आधी एक कॅसेट धड करून ताईला द्यायची म्हणतात."

मला. म्हणजे त्या दिवसाचे त्याला सर्व आठवते. मलाही आठवते. चरा दिसताच मी भर दुपारी दुकानात गेले होते. पाच-सहा गिऱ्हाइके उभी होती. मी म्हणाले, "याला एकही गोष्ट नीट करता येत नाही. आपापल्या कॅसेटी परत घेऊन जा." दोघे खरोखरच घेऊन गेले. वर्षभरात श्रीने दुकान बंद केले आणि कापडाच्या पेढीवर कारकुनी धरली. सीडी येणारच होत्या, दुकान तसेही चालले नसते, असे मी स्वतःला सांगत आले. सीडी सोलापुरात रुळायला त्यानंतर आठ वर्षे लागली.

११ फेब्रुवारी, बुधवार

रेकॉर्ड काढली. व्याख्यानात खरेदीचे वर्ष अचूक असावे म्हणून इंग्लंडमधली रोजनिशीही काढली. माझ्या सर्व रोजनिश्या वर्षवार लावलेल्या आहेत.

उतरवून ठेवते:

'श्रीने पत्रात मागितलेली रेकॉर्ड अखेर मिळाली, जुन्या मालाच्या दुकानात. दुसऱ्या बाजूला खोल चरा आहे, म्हणून निम्म्या किमतीत. कव्हर मात्र स्वच्छ. घरी नवीच म्हणून सांगता येईल.'

अक्षर माझे. समास आखलेला.

त्याने मागितलेली. म्हणजे मुळात त्याचीच. घरी आल्यावर 'तुझ्या हाती दिली तर खराब होईल' म्हणून मी ती माझ्या कपाटात ठेवली. मला ते संगीत आवडत नव्हते, वसतिगृहात ग्रामोफोन नव्हता. मी ती कधी वाजवलीच नाही. तीन वर्षांनी त्याने नेली, तोवर

सायंकाळी पुन्हा बसले आहे. मी विसरले होते काय? होय. एवढे लिहिले आणि थांबले. त्याच्याकडून रेकॉर्ड परत आली तेव्हा मी ती उन्हात तिरकी धरली होती, आणि पहिल्यांदा पाहिली ती दुसरी बाजू. का? गाणे दुसऱ्या बाजूला होते म्हणून. उत्तर बरोबर आहे. पुरेसे आहे की नाही, सांगता येत नाही.

'आठवत नाही' हे उत्तर मी एकाही विद्यार्थिनीकडून स्वीकारलेले नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

श्रीकडे गेले नाही. सुनंदाला निरोप: टिपणे राहिली आहेत, रेकॉर्ड रविवारी आणते. टिपणे कालच पूर्ण झाली.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सांगण्याचे वाक्य तयार केले. चार शब्दांत होते. मग कारणमीमांसा जोडली, संदर्भ जोडला, पान भरले. फाडले.

१५ फेब्रुवारी, रविवार

श्रीकडे रशीदभाई आधीच आलेले. रेडिओ दुरुस्त करतात, त्याचे जुने गिऱ्हाईक. स्वतःच्या दुकानातला रेकॉर्ड प्लेअर रिक्षातून मांडीवर घेऊन आणला होता.

"आपा, तुम्हाला सांगतो, आमच्या घरी कव्वालीची कॅसेट होती, भाऊंनी भरलेली. कव्वाली खतम झाली की हे चालू. अम्मी को लगता था ये भी कव्वाली का ही हिस्सा है. गिटार आली की डोक्यावर पदर घ्यायची."

श्री डोळ्यांत पाणी येईतो हसला. मीही हसले. किती वर्षांनी एकाच गोष्टीला दोघे हसलो, ठाऊक नाही.

मग रेकॉर्ड लावली. मी हे गाणे आयुष्यात प्रथमच पूर्ण लक्ष देऊन ऐकत होते. सुरुवात साधी आहे, जवळजवळ पोरकट. दुसऱ्या कडव्यापासून खालचे सूर एकेक करून भरत जातात, आणि गायक मात्र आवाज चढवीत नाही. रचना बांधीव आहे. एवढे माझे बरोबर होते. तिसऱ्या कडव्यात सुई मागे गेली. पुन्हा मागे. श्रीने बोट पुढे केले, ते सुईपर्यंत पोचेना. रशीदभाईंनी हलकेच ढकलले.

"अजून एकदा," श्री म्हणाला. चार वेळा लावली. चारही वेळा तेच.

तो उशीला टेकला.

"नाही व्हायचं आता. माझ्याच हातानं घालवलीय. ताई, तू कुठून कुठून आणलेलीस ती. माफ कर गं मला."

सुनंदा, रशीदभाई, दोघेही माझ्याकडे पाहत होते. तयार केलेले वाक्य तोंडात होते. मी म्हणाले, "असू दे. झालं ते झालं."

पुढे कधी विसरल्याचे सांगता येऊ नये म्हणून स्पष्ट लिहिते: जो दोष माझा होता, त्याबद्दल आज मी माझ्या भावाला चारचौघांत क्षमा केली. त्याने माझा हात धरला. फार हलका हात.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

व्याख्यान झाले. पन्नास मिनिटे, एकही शब्द अडला नाही. उरलेल्या टेपेचा उल्लेख केला नाही. केला असता तर सारे प्रतिपादन कोसळले असते. बँडवाल्यांचा नाही. श्रीचा नाही.

शेवटी एका मुलीने विचारले, "मॅडम, जी गाणी टिकली नाहीत, ती सगळी वाईट होती का?"

"बहुधा," मी म्हणाले. हशा. टाळ्या. ती मुलगी मात्र वहीत काही न लिहिता खाली बसली.

शाल, श्रीफळ. रिक्षात सुनंदाचा फोन. श्रीला दुपारी दवाखान्यात हलवले. "भाषण चालू असेल म्हणून केला नाही, वन्सं."

१८ फेब्रुवारी, बुधवार

भेटू दिले नाही. बाकड्यावर तीन तास. भाची मुक्ता, श्रीची मुलगी, पुण्याहून आली. तिने काल रात्री व्याख्यानाचे चित्रण पाहिले म्हणे. "छान बोललीस, आत्या." मग थोड्या वेळाने: "बाबांचं नाव घेशील असं वाटलं होतं."

२० फेब्रुवारी, शुक्रवार

अतिदक्षता विभागात एकालाच, पाच मिनिटे. त्याच्या तोंडावर प्राणवायूचा घट्ट मुखवटा, आतून हवेचा सतत मोठा आवाज. डोळे उघडे होते.

सांगितले. "श्री, चरा आधीचाच होता. मी घेतानाच पाहिला होता. तुझ्या हातून काही झालं नाही."

तो माझ्याकडे पाहत राहिला. ऐकू गेले नसेल म्हणून वाकून पुन्हा सांगितले, मोठ्याने. शेजारच्या खाटेवरची बाई वळून बघू लागली. परिचारिका आली. "मावशी, हळू. हितं ओरडू नका, बाकीचे पेशंट हायत की."

मावशी. एरवी मी तिला समज दिली असती. तिसऱ्यांदा सांगायचे होते, पण श्रीने डोळे मिटले. थकून की मुद्दाम, कळले नाही. पाच मिनिटे संपली.

जिना उतरताना मोकळे वाटायला हवे होते. वाटले नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

प्रकृती तशीच. खालच्या बाकड्यावर रशीदभाई भेटले. त्यांनी रविवारी मोबाईलवर ते गाणे ध्वनिमुद्रित करून घेतले होते, सुई अडकते त्यासकट, आणि रिक्षावाल्यांच्या गटात टाकले. "आपा, काल एक पोऱ्या म्हणतो, हेच खरं. मोबाईलवरचं मला अधुरं वाटतं." ते हे आनंदाने सांगत होते. मी मान हलवली. त्या मुलाचा जन्म झाला तेव्हा श्रीचे दुकान बंद होऊन दहा-बारा वर्षे उलटली असतील.

२२ फेब्रुवारी, रविवार. दुपारी तीन

मुक्ता दवाखान्यातून थेट इकडे आली. हातात चतकोर कागद. बोलता येत नाही म्हणून त्याला वही-पेन्सिल दिली आहे.

"आत्या, बाबांनी सकाळी लिहिलंय. मी वाचू नये अशी खूण केली. मी वाचलं."

श्रीचे अक्षर कधीच चांगले नव्हते. दोनच शब्द, पेन्सिलीने, उतरत गेलेले:

कधी कळलं?

"काय कळलं गं? काय झालंय तुमच्यात?"

"सांगते नंतर," म्हटले.

"नंतर नको. साडेचारला ते घशात नळी घालणार आहेत आणि गुंगीत ठेवणार आहेत. मग बाबांना वाचता येणार नाही. कधी उठतील तेही डॉक्टर सांगत नाहीत." तिने कागद माझ्यापुढे सरकवला. "तुला जे लिहायचंय ते आत्ता लिही."

म्हणजे शुक्रवारी त्याने ऐकले होते, पहिल्याच वेळी बहुधा. दोन दिवस तो त्यावर विचार करीत होता.

११ फेब्रुवारी असे लिहिले तर ते खरे आहे. पण मग रविवारी मला माहीत होते आणि मी माफी मागू दिली, स्वीकारली, हे त्याला लगेच कळेल. विकत घेतली तेव्हाच, असे लिहिले तर तेही खरे आहे, आणि मग छत्तीस वर्षे जाणूनबुजून त्याला दोष. 'मी विसरले होते' हे वाक्य त्या दोहोंच्या मध्ये बसते. व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. त्याने त्याला बरे वाटेल की मला, हे ठरवता येत नाही. आणि रेकॉर्ड परत आली तेव्हा, उन्हात, मी आधी दुसरीच बाजू का पाहिली, हे मला आजही

मुक्ता खाली रिक्षा थांबवून उभी आहे. दोनदा हाक मारली.

तीन वाजून पस्तीस. चांगला कागद घेतला होता, तो ठेवून दिला. त्याच्याच चतकोराच्या मागच्या बाजूला लिहीत आहे. पेन्सिलीनेच.

'चि. श्रीधर,' एवढे झाले आहे.