वाळक्या पानांतला रातवा

४ फेब्रुवारी
सासुरवाडीला जेवण. हॉलमध्ये साडूने काढलेला घुबडाचा फोटो, फ्रेमसकट. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होत्या. घुबड ढोलीतून तोंड बाहेर काढून बसतं. तो पासपोर्ट फोटो झाला. कोणीही काढेल.
मी रातवा काढणार. निशाचर पक्षी. दिवसा जमिनीवर वाळक्या पानांत झोपतो आणि हुबेहूब पानासारखाच दिसतो. आमच्या फोटो क्लबच्या प्रदर्शनाला महिना आहे. भरपूर झाला.

९ फेब्रुवारी
मोठी लेन्स आणली. बायकोला सांगितलं, मित्राची आहे, ठेवायला दिलीय. तिने विचारलं, मग बिलावर नाव तुमचं कसं? मित्र विसराळू आहे, म्हणालो. विषय बहुतेक मिटला.

१५ फेब्रुवारी
सकाळपासून टेकडीमागच्या माळावर. पानापानांचा शर्ट घालून पोटावर सरपटलो. एका कुत्र्याने मला झुडूप समजून जे केलं, ती माझ्या वेषांतराला मिळालेली पहिली पावती. वाळकी पानं दिसतील तिथे क्लिक. कार्ड भरलं.

१६ फेब्रुवारी
एका फोटोत रातवा नक्की आहे. बायकोने विचारलं, कुठे? म्हटलं, तेच तर कौशल्य आहे. ऑफिसात हेडक्लार्कना लगेच दिसला. कॅशियरलाही दिसला, पण दुसऱ्या कोपऱ्यात. म्हणजे जोडी! साडूकडे एकच घुबड.

२३ फेब्रुवारी
मोठी प्रिंट काढली. जोडी नाही. एक पान आहे आणि एक शेण.
तब्येतीचं कारण देऊन रजा टाकली. दिवसभर माळावर उन्हात बसून तब्येत खरंच बिघडली. म्हणजे खोटं बोललो नाही.

१ मार्च
शेवटची संधी. बायको म्हणाली, मीही येते, बघू तरी तुम्ही तिथे करता काय. वाटेत तिला शांतता, संयम आणि तयार नजर यांवर थोडं मार्गदर्शन केलं. माळावर ती दगडावर बसून मोबाईल बघत राहिली. दुर्लक्ष केलं.
थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "अहो, हलू नका. तुमच्या बुटाला टेकून बसलाय."
म्हटलं, पान आहे ते.
पानाने एक डोळा किलकिला केला.
मोठी लेन्स इतक्या जवळचं टिपत नाही. हे तिला समजावत मागे सरकलो. रातवा उडाला. तोवर तिने मोबाईलवर फोटो काढला होता.

८ मार्च
प्रदर्शन. पहिलं बक्षीस बायकोला. साडू तिला बराच वेळ खोदून खोदून विचारत होता, कसं जमवलंस म्हणून. तिने माझं मार्गदर्शन सोडून बाकी सगळं सांगितलं.
परीक्षक म्हणाले, बुटामुळे पक्ष्याच्या आकाराचा छान अंदाज येतो. बुटाबद्दल खाली एक अक्षर नाही. म्हणून फोटोशेजारी उभा राहिलो आणि येईल त्याला सांगू लागलो की बूट माझा आहे.
बायकोने बाजूला घेतलं. म्हणाली, "अहो, लोकांना पक्षी शोधू द्या ना."
झालो बाजूला. साडूला मात्र सांगून झालं होतं.