आयांना पोरांशी बोलू देण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
शिशुभाषा प्रयोग योजना,
नागपूर.

विषय : बालवाडीतील मुलांच्या आयांना घरी आपल्या बोलीत बोलण्याची परवानगी शिक्क्यानिशी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले सूचनापत्र दि. २० जून १९८३. २) माझा अर्ज दि. १२ ऑक्टोबर व त्यावरील आपले उत्तर.

महोदय,

मी खाली सही करणारी वच्छला देवराव पराते, नंदनवनामागच्या वस्तीत आपल्या योजनेच्या बालवाडीची सेविका आहे. पटावर चार-पाच वर्षांची सतरा मुले आहेत. त्यांच्या आया कळमन्याच्या बाजारात मिरच्यांचे देठ खुडतात.

१. बालकाशी बालवाडीत तसेच घरीही इंग्रजीतच बोलावे, असे आपल्या सूचनापत्रात होते. मला ते पटले. इंग्रजी आली तर या पोरींची बोटे मिरचीने जळणार नाहीत, असे वाटले. पालकसभेत मी ते पत्र गोल शिक्क्यासह हातोहात फिरवले. पंचफुलाबाई म्हणाल्या, "बाई, आमाले तं इंग्रजी येत नाही. मंग लेकराशी बोलाव काय?" मागून इंदूबाईंनी टोमणा मारला, "काहून वं, त्या टिकटबाबूले तं यस यस करून राहिली होती!" सगळ्या हसल्या. मीही हसतच म्हणाले, "येत नसेल तर गप्प राहा. पण मराठी बोलू नका." त्यानंतर त्या बायांना हसताना मी ऐकलेले नाही.

२. हातावर पोट असलेली बाई गोल शिक्का मोडत नाही. त्या खरोखरच गप्प राहिल्या. भाकर पुढे सरकवतात, वेणी घालतात, बोटाने दाखवतात. दिवेलागणीला वस्तीतून जाताना चुली पेटलेल्या दिसतात, भांडी वाजतात, आणि माणसाचा आवाज म्हणून येत नाही. यंदा भुलाबाई मांडली, पोरी टिपऱ्या घेऊन गोल उभ्या राहिल्या, एकमेकींच्या तोंडाकडे पाहत राहिल्या आणि खिरापत घेऊन घरी गेल्या. गाणे एकीनेही उचलले नाही.

३. मुलांना सोळा इंग्रजी शब्द आले, ते सर्व मिळून एका सुरात म्हणतात. बाकी वेळ बसून असतात. सप्टेंबरात तपासणीस आले आणि "शांतता वाखाणण्याजोगी" असा शेरा लिहून गेले. तो शेरा मी भिंतीवर लावला, हेही कबूल करते.

४. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पंचफुलाबाईंच्या गोपिकेच्या कानात मिरचीचे बी गेले. आठ दिवस तिने कोणाला सांगितले नाही. उशी पुवाने ओली झाली तेव्हा आईला कळले. मी दोघींना धंतोलीच्या एका दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी विचारले, "कुठं दुखते, बाळ?" तिने आधी माझ्याकडे पाहिले. मग सरळ उभी राहून "गुड मॉर्निंग, सर" म्हणाली. डोळ्यांतून पाणी गळत होते. डॉक्टरांनी पुन्हा विचारले. ती पुन्हा तेच म्हणाली. त्या कानाने तिला आता ऐकू येत नाही.

५. त्याच दिवशी मी घरोघर गेले. "बोला वं बायांनो, चूक माझी होती," म्हटले. पंचफुलाबाई मला दाराबाहेर नेऊन हळूच म्हणाल्या, "तुमी सांगता, पण कागद तं सायबाचा हाय. पोरीचं नाव कटलं तं?" सरकारी पत्रात ओवी लिहू नये हे मला कळते. पण माझी आई जात्यावर म्हणायची ती लिहिते, कारण वस्तीत ती म्हणणारे आता कोणी उरले नाही :

बाळ बोबडं बोलते, सांडे ज्वारीचे गं दाणे
वेचू किती मी पदरी, माझे हात झाले उणे

६. हे सर्व मी दि. १२ ऑक्टोबर रोजी कळवले होते. "अर्ज इंग्रजीत सादर करावा" असे आपले उत्तर आले. मला तेवढी इंग्रजी येत नाही. येत नसेल तर गप्प राहावे, हा सल्ला मी एकदा देऊन बसले आहे; म्हणून पुन्हा मराठीतच लिहिते. इंग्रजीला माझा विरोध नाही. वन-टू मी हौसेने शिकवते, पुढेही शिकवीन. पण आईने पोराशी आपल्या बोलीत बोलावे, नाव कटणार नाही, एवढ्या दोन ओळी शिक्क्यानिशी द्याव्यात. शिक्क्याशिवाय त्या कोणाचेही ऐकणार नाहीत.

७. ही बाब पुढच्या बैठकीपर्यंत थांबणारी नाही. इंदूबाईंच्या घरी दहा महिन्यांचे मूल आहे. ते आपल्या पटावर नाही. पण बालवाडीतल्या थोरलीच्या कानावर मराठी पडू नये म्हणून त्या त्याच्याशीही बोलत नाहीत. परवा मी गेले तेव्हा ते पाळण्यात रडत होते. तोंड उघडे, चेहरा लाल, पाय झाडत होते, आवाज नव्हता. मी उचलून घेतले आणि लाडाने हाक मारली. ते दचकले, आणि त्याने माझ्या तोंडावर हात ठेवला.

आपल्या दोन ओळींची वाट पाहणारी,
आपली नम्र,
वच्छला देवराव पराते
बालवाडी सेविका
नागपूर, दि. ७ नोव्हेंबर १९८३

सोबत :
१) डॉक्टरांची चिठ्ठी.
२) सतरा आयांचे अंगठे.
३) दोन ओळींचा मजकूर, माझ्या अक्षरात. शिक्क्यासाठी खाली जागा सोडली आहे.