भोळीची भूमिका सुनेच्या नावे

मी, नाटक मंडळीच्या दिवंगत मालकांची पत्नी, जिला सगळे 'भोळीबाई' म्हणतात, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे आणि पाठांतर शाबूत आहे. कोणाचे दडपण नाही. वैताग मात्र पुष्कळ आहे.

१. राहते घर मुलाला द्यावे. ते त्याने आधीच आपले मानले आहे, तेव्हा त्याला आनंद वगैरे होणार नाही.

२. रंगाची पेटी आणि आरसा आता माझी भूमिका करणाऱ्या नव्या नटीला. मुलगा तालमीत तिला वाक्यावाक्याला खुदुखुदु हसायला लावतो, त्यात तिचा दोष नाही.

३. 'या बाईंना अभिनय करावा लागत नाही, त्या मुळातच भोळ्या आहेत,' असे छापणाऱ्या टीकाकारांना पहिल्या रांगेतली स्प्रिंग वर आलेली खुर्ची कायमची द्यावी.

४. आता नाटक. रंगमंचावर गॅसचे दिवे होते तेव्हा यजमानांनी ते लिहिले: हुशार नवरा, बुद्दू बायको. नवरा हुकूम सोडतो, बायको 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणते आणि स्वतःला हवे ते करते. पहिल्याच प्रयोगात नवऱ्याच्या कोटाचे बटण चुकीच्या काजात होते. मी थांबले, बटणाकडे पाहिले, मग वाक्य म्हटले. थिएटर डोक्यावर घेतले लोकांनी! पुढे प्रत्येक प्रयोगाला मी ते बटण मुद्दाम चुकवायला लावले.

यजमान विंगेत खूश. "बायकोच्या मूर्खपणाला बघा कशी दाद मिळते!"

"अहो, ते नवऱ्याला हसतात," मी म्हटले.

"तुला नाही कळायचं ते."

मरेपर्यंत त्यांना कळले नाही. जाताना गंभीर नाटके मुलाला दिली आणि हे 'बायकी' नाटक मला. मंडळी आजवर याच नाटकावर जगली.

आता मुलाला तो बटणाकडे पाहण्याचा थांबा काढायचा आहे आणि शेवटी बायकोला रडत नवऱ्याची माफी मागायला लावायची आहे. माझा जीव जळतो. मी विरोध केला तर म्हणाला, "आई, बाईच्या भूमिकेत समजण्यासारखं असतं काय एवढं?"

त्याच्याच सदऱ्याचे बटण चुकले होते. मी तिकडे पाहिले. "तू म्हणशील तसं."

माझा खांदा थोपटून तो निघाला. कोपऱ्यात पोशाख शिवत बसलेली सून फसकन हसली आणि तिच्या ओठांतल्या टाचण्या जमिनीवर पसरल्या. मुलाच्या मते तिला सुईपलीकडे काही समजत नाही.

म्हणून या नाटकाचे सर्व हक्क मी सुनेला देते. तिच्या संमतीशिवाय त्यातला एक शब्द, आणि तो थांबासुद्धा, कोणी बदलू नये.

वकीलसाहेबांनी वाचून विचारले, "बाई, सूनबाईंना यातलं काय कळणार? पुन्हा विचार करा."

मी त्यांच्या कोटाकडे पाहिले. "तुम्ही म्हणाल तसं," म्हटले, आणि खाली सही केली.

दाराबाहेर टाचण्या सांडल्या.

लिहून देणार: भोळीबाई
साक्षीदार: १. पडदा ओढणारे काका. २. वकीलसाहेब (मजकूर वाचला, समजला)
स्थळ: थिएटरमागची शिवणाची खोली
दिनांक: ९ मार्च १९३४