कुलेनपलीकडचा शेजार

९ जुलै, बुधवार. टोरेकोव्ह.
सोमवारी गिऱ्हाईक आमची शिडाची बोट बघायला येणार. सिक्स्टनने परस्पर ठरवलं. बोट विकायची, रानातल्या लाकडी घरात राहायचं. म्हणाला, शेजार नाही, कटकट नाही. लग्न झाल्यापासून आम्ही बोलतोय – म्हणजे मी बोलतेय. तिथे माझं कसं व्हायचं? एकच मागितलं: शेवटचं म्हणून कुलेनच्या भूशिराला वळसा घालून मोल्लेच्या बंदरात जाऊ. तिथे माणसं असतात.
"तीच तर अडचण," तो म्हणाला. पण निघाला.

१० जुलै, गुरुवार. मोल्ले.
भूशिरापाशी वारा – मान वळवली, टोपी वळली नाही. गेली! गुरुवारी आमच्याकडे पिवळ्या वाटाण्याचं सूप ठरलेलं, म्हणून तेच बोटीतल्या चुलीवर. बोट कलली, सूप आधी छताला, मग दारातून सिक्स्टनच्या दाढीला. त्याने सुकाणू सोडलं नाही. तसाच पिवळा बंदरात शिरला. सगळे वाइनचे पेले घेऊन आपापल्या बोटीवर बसलेले – नवा कसा धडकतो ते बघायला. धडकलो नाही. हिरमुसले बिचारे.
धक्क्याला जागा मिळाली. मग आमच्या बोटीला दुसरी बांधली, दुसरीला तिसरी. धक्क्यावर जायचं तर सगळ्यांना आमच्याच डोक्यावरून वाट. सिक्स्टनने कानात कापूस घातला.

११ जुलै, शुक्रवार.
सकाळी वरच्या उघड्या झडपेतून एक पाय आत आला. केसाळ, चपलेसकट. थेट सिक्स्टनच्या पोटावर. शेजारच्या बोटीवरचा डॅनिश – प्रेबेन, दातांचा निवृत्त डॉक्टर. धक्क्यावरच्या संडासाकडे निघाला होता.
"मी कशावर उभा आहे?" वरून आवाज.
"माझ्यावर."
मला वाटलं, आता हा दोर सोडून निघणार.
"आलाच आहेस तर दुसराही आण," सिक्स्टन म्हणाला. "कॉफी ठेवतो."
याने कॉफी ठेवली!

१२ जुलै, शनिवार.
वारा तसाच. सिक्स्टन सकाळपासून तिसऱ्या बोटीवर. त्याच्या गोष्टीत कालपर्यंत एक पातेलं सूप होतं. आज दोन झालीत, आणि लाट डोलकाठीएवढी. जेवायला हाक मारली तर म्हणे, थांब, लोक ऐकतायत.

१३ जुलै, रविवार.
वारा पडला. उद्या गिऱ्हाईक, निघायला हवं. सिक्स्टन म्हणतो, इंजिनची किल्ली सापडत नाही. शिडावर जाऊ म्हटलं, तर वारा नाही. मग गिऱ्हाइकाला त्याने स्वतःच फोन केला: बोट बिघडलीय, येऊ नका.
किल्ली मला कॉफीच्या डब्यात सापडली. मी झाकण परत घट्ट लावलं. प्रेबेन कॉफीला आला, त्याला आज चहा दिला.