करडा ठिपका

३ जुलै
कॅलेंडर आहे की भंगारवाल्याची हातगाडी! आमच्या गावच्या चर्चचं ॲप मी फुकट करून देतेय. कमिटीने नमुना म्हणून छापील पत्रक दिलं. एकेका चौकटीत संत, उपवास, कुणा मयताच्या नावाची मिस्सा-प्रार्थना, फुलं कुठल्या वाडीची, कोपऱ्यात रक्तदान. हे सगळं म्हणे मोबाइलवर ‘जसंच्या तसं’ पाहिजे!

१० जुलै
मीटिंग. मी मांडलं – लाल ठिपका म्हणजे सण, करडा म्हणजे बाकी सगळं. दाबा, की उघडेल. सेक्रेटरी बॅप्टिस्ट अंकलनी फोन डोळ्यांजवळ नेला. “एवढी मोकळी जागा? वसईत मोकळी जागा दिसली की बिल्डर येतो, बाय!” सगळे खो खो हसले. मी नाही. त्यांच्या घरचं भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलंय मी – दूध, गॅस, केळी, कुणाचं तरी मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं पेन्सिलने कोंबलेलं. हा माणूस मला डिझाइन शिकवणार!
फादरना मात्र आवडलं. जिंकले!

११ जुलै
मम्मीचा फोन. “गो एलिसा, स्टॅनीचं नाव वर दिसेल ना? वर्षाच्या मिस्सेला लोक यायला पायजेत.” चौदा ऑगस्टला डॅडींना जाऊन वर्ष होईल. म्हटलं, मम्मी, प्रत्येकाचे डॅडी वर दिसले तर कुणाचेच दिसणार नाहीत. वाक्य इतकं आवडलं की ऑफिसच्या प्रेझेंटेशनमध्ये टाकलं.

१ ऑगस्ट
ॲप सुरू, पत्रक बंद. ऑगस्ट काय देखणा दिसतोय!

५ ऑगस्ट
चौदाची रजा मंजूर. निर्मळच्या फुलवाल्याकडे पांढरी फुलं सांगून ठेवली.

१२ ऑगस्ट
बॅप्टिस्ट अंकलचे दुपारपासून तीन फोन. उचलले नाहीत. आणखी एखादा संत घुसवायचा असेल!

१४ ऑगस्ट
नायगावच्या फ्लॅटवरून निघाले, वाटेत निर्मळहून फुलं घेतली, सकाळीच गावी पोचले. मम्मी ओट्यावर भाजी निवडत होती. “आज कुठली मिस्सा? पंधराच्या चर्चच्या सणामुळे आजची मिळालीच नाही. परवा झाली की, संध्याकाळी.”
फादरनी महिन्यापूर्वीच बारा तारीख दिली होती. चर्चच्या ऑफिसने ॲपमध्ये भरलीही होती. करड्या ठिपक्यात. माझ्याच ॲपचा ठिपका मी दाबला नव्हता!
मला सांगितलं का नाहीस? “ॲप तुजं. तुला काय सांगायचं? कामात असशील, वाटलं.” चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.
कोण कोण आलं होतं? “मी नि बॅप्टिस्ट.”
अख्ख्या गावातून दोन माणसं. डॅडींनी सगळ्यांच्या मयतीला खांदा दिला होता. लाज वाटतेय. भयंकर.

१७ ऑगस्ट
बॅप्टिस्ट अंकलकडे माफी मागायला गेले. “बस, बाय,” म्हणून ते चहा ठेवायला आत गेले. भिंतीवरच्या कॅलेंडरात बाराची चौकट. दूध दोन. गॅस. त्याखाली पेन्सिलने, कशीबशी मावलेली ओळ – ‘सहाला स्टॅनीची मिस्सा. एलिसाला फोन कर.’