पाण्याचा रुपया

मु. पो. रेणापूर, जि. लातूर
(मामा, आता जिल्हा लातूर लिहीत जा. तुम्ही अजून उस्मानाबादच लिहिता, मागलं पत्र तिकडं फिरून महिन्यानं आलं. जिल्हा होऊन चार वर्षं झाली, पोस्टमननं मान्य केलाय, तुम्हीबी करा.)

ती. गुंडप्पामामा यांना विरूपाक्षचा शरणार्थ. तुमचा गुडघा, मामींचा दमा आणि तांबड्या गायीचं खाणं, तिन्हीची खबर कळवा. तुमच्या सिंधुताईचं लग्न थाटात झालं, जेवणावळीला पाणी पुरलं, असं अव्वा तुमच्या उमरीहून आल्यापासून सांगून राहिली. मला यायला जमलं न्हाई, त्याचं कारण खाली येतं. आमच्याकडं सगळे मजेत हायत, मी सोडून.

मामा, मी लई वैतागलोय. नांदेडच्या घड्याळजीकडून भिंग आणल्यापासून मी चिल्लर तपासून राहिलोय, हे तुम्हाला ठाऊक हाय. (आप्पा याला "इंग्लिश शाळेची फी फिटली" म्हणतात.) आता नीट ऐका, म्हंजे माझं दुःख कळंल. टांकसाळीत रुपया पाडायला पोलादी ठसा असतो. लाखात एखादा ठसा तयार होतानाच जरा सरकतो, अन् त्याच्यावर सालाचा आकडा दोनदा उठतो. मग त्या ठशातून पडलेल्या रुपयावर शेवटचा आकडा दुहेरी दिसतो. चष्मा काढल्यावर तुम्हाला एसटीची पाटी दिसती तसा. असा एक रुपया मला अण्णाराव किराणावाल्याच्या गल्ल्यात सापडला. मी दुकानातच उडी मारली अन् त्यांच्या शेंगदाण्याच्या पोत्यावर पडलो. पण एकावर भागत न्हाई. एकाच रुपयावर असलं तर लोक म्हणणार, ठोकताना मशीन हललं असंल. दुसऱ्यावर हुबेहूब तसंच निघालं तरच खोट ठशातली. मग ती दुर्मिळ. हैदराबादच्या नाणेमंडळाचे रामकिशनजी म्हणून बुजुर्ग हायत. पहिल्या रुपयाचा लाखेतला छाप मी त्यांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, दुसरा मिळवा, मी स्वतः येऊन बघतो, आमच्या अंकात तुमच्या नावानं छापू. आप्पा म्हणाले, छापून आलं तर मी तोंड उघडणार न्हाई. न्हाई तर नव्या कलेक्टर कचेरीत जागा निघून राहिल्यात, गुमान टायपिंगला बस. म्हंजे मामा, माझ्या डोक्यावर टाइपरायटर टांगलेला हाय.

दुसरा हुडकत मी चाकूरला हणमंतरावांकडं गेलो. त्यांच्याकडं डबाभर नाणी हायत असं कळलं होतं. घरात अंधार, म्हणून मूठभर नाणी घेऊन मी बाहेर त्यांच्या रानात गेलो. सावली भिंगावर येऊ नये म्हणून वाकून, हळूहळू सरकत बघून राहिलो. आता दुष्काळात रानात वाकून चालणारा माणूस कोण असतो? पाणाड्या! जमिनीखालचं पाणी सांगणारा! बांधावर माणसं जमली. मी म्हणलं, मी न्यूमिस्मॅटिस्ट (नाण्यांचा अभ्यासक) हाय. हणमंतराव भावाला म्हणाले, "ऐकलं का, इंग्लिश पाणाड्या हाय. जिल्ह्यानं धाडलाय." तेवढ्यात भिंगातून ऊन गोळा होऊन माझ्या अंगठ्यावर पडलं अन् मी टुणकन उडालो. "झटका बसला! झटका बसला! खुटी ठोका रे तिथं!" मी अंगठा चोखून राहिलो तर एक म्हातारी म्हणाली, "बघा, पाण्याची गोडी लागली लेकराला."

बोअर पाडला. पाणी लागलं. हाच तर ताप हाय, मामा! न लागतं तर चार शिव्या खाऊन मोकळा झालो असतो. हणमंतराव घरी आले, नारळ अन् सव्वा रुपया हातावर ठेवला. पाणाड्याची दक्षिणा परत करत न्हाईत म्हणे. मी गप घेतली, सवयीनं रुपया भिंगाखाली धरला, अन् काय सांगू, शेवटचा आकडा दुहेरी! तोच ठसा! आनंदानं मी पुन्हा उडालो, तर हणमंतरावांनी आमच्या अंगणात बी खुटी ठोकली.

तवापासून दारात माणसं. अव्वा त्यांना चहा करून घालती अन् टँकरचं पाणी संपवती. सिंधुताईच्या लग्नाच्या दिवशी तिघांनी मला जीपमध्ये घालून नेलं, दिवसभर तीन रानं फिरवलं. मी कुठं उडतोय तेवढंच बघून राहिले. एकदा काटा टोचला, तर तिथंबी खुटी.

घरी आलो. अव्वा (म्हंजे तुमचीच थोरली बहीण, मुद्दाम लिहितो) उमरीहून परतली होती. भिंतीतल्या देवळीत दोन रुपये ठेवले होते, बघतो तर एकच, अन् तो चकाकून राहिलेला. लग्नाला निघायच्या आधी तिनं चिंच अन् विटकरीचा भुगा लावून घासला होता. घागरभर पाण्यात! मला आंघोळीला तांब्या मिळत न्हाई अन् रुपयाला घागर! आकडा दुहेरी सोडा, एकेरी बी दिसंना. मी ओरडलो, तर म्हणती, "काळा पडला व्हता रे. हैदराबादचा पाव्हणा येणार, त्याला काय मळका रुपया दाखवतोस?" पहिल्याचा छाप रामकिशनजींकडं हाय म्हणून जीव वाचला. पण दुसरा नसंल तर त्या छापाला कोण विचारतंय? अन् दुसरा मिळाला म्हणून मीच कळवल्यामुळं रामकिशनजी येत्या रविवारी लातूरला येऊन राहिले.

असो. माझं रडगाणं लई झालं. मामींना शरणार्थ सांगा. गायीला जपा.

तुमचा भाचा,
विरूपाक्ष

ता. क. दुसरा रुपया कुठं गेला म्हणाल तर तो तुमच्याकडं हाय. अव्वानं पन्नासाच्या नोटेसोबत सिंधुताईच्या आहेरात घातला, एक्कावन्न करायला. घरात दुसरे रुपये होते की! पण हा म्हणे पाण्याचा रुपया, शकुनाचा, लेकीच्या सासरी पाणी आटणार न्हाई. तर मामा, आहेराची पाकिटं उघडा, हळदकुंकू लावलेला रुपया चाळिशी लावून बघा, कडेनं धरा अन् रविवारच्या आत माणूस पाठवून द्या. धुवू नका. पुसू नका. मामींना दाखवू नका.

ता. क. दुसरा : अव्वा म्हणती, आहेर परत मागितला तर तुम्ही जन्मात बोलणार न्हाई, अन् शकुनाचा रुपया तर मुळीच सोडणार न्हाई. ती असंबी सांगती की तुमची विहीर आटलीय अन् तुम्ही पाणाड्या शोधून राहिलात. तर वर पाणाड्यांबद्दल जे लिहिलंय ते वाचू नका. रुपया द्या, मी दुसऱ्याच दिवशी उमरीला येतो. भिंग आणतो. ऊन कडक पाहिजे. उडीची हमी देतो, पाण्याची देत न्हाई.