उठण्याचा सीन

२ जानेवारी १९९५, सोमवार

नवी वही, नवी नोकरी. वागळे इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर स्टुडिओ आहे. परदेशातल्या एका कार्टून मालिकेची चित्रे इथे काढतात. महिपतदादाने शब्द टाकला म्हणून मला घेतले. तो तिथेच रंगविभागात आहे. जेवताना सगळ्यांना सांगत होता, पोरगा नववीतून बाहेर पडलाय, पण रेघ बघा, ओळंबा लावून मारल्यासारखी. मला लाज वाटली. शुद्धलेखनात कधी लाल खूण पडली नाही, हे मात्र मी मनातच ठेवले.

काम असे : मुख्य चित्रे तिकडून येतात. समजा एक नंबरचे आणि नऊ नंबरचे. मधली सात आपण भरायची. टेबलाला काच, काचेखाली दिवा, त्यावर कागद एकावर एक ठेवायचे. मला हे फार आवडले. सुरुवात आणि शेवट ठरलेला असतो, चुकायला जागा कमी.

खोली चेंदणी कोळीवाड्यात, भागीरथी मावशींकडे. त्यांनी सुकटीचे कालवण दिले. म्हणाल्या, कागदावर अस्वलं काढून पगार मिळतो, मग आमची माणसं दर्यात होड्या कशाला घालतात.

५ जानेवारी

मालिका विनोदी आहे. नायक म्हणजे जाडे अस्वल, डोक्यावर पोस्टमनची टोपी. आम्ही त्याला अस्वलराव म्हणतो. दर भागात तो पत्र द्यायला निघतो आणि त्याच्यावर काहीतरी कोसळते. पापडासारखा चपटा होतो, मग उठतो, अंग झटकतो, पुन्हा चालू लागतो.

तोंडावरचे भाव काढण्यासाठी प्रत्येकाच्या टेबलावर आरसा आहे. आमचे मुख्य उत्तम सर यांचा आरसा मात्र भिंतीकडे वळवलेला असतो. मी कारण विचारले तर म्हणाले, समोर अस्वलाच्या चालीचा, चेहऱ्यांचा नमुन्याचा तक्ता आहे, त्याच्याबाहेर जाऊ नकोस.

१२ जानेवारी

उत्तम सर आठवडाभर गावी होते. माझे तीन सीन पुरे झाले आणि तपासणीशिवायच रवाना झाले, कारण मुदत होती.

तक्त्यावरून काढलेली चाल मेलेली वाटत होती. म्हणून पहिल्या सीनला, ज्यात कपाट अंगावर पडते, मी महिपतदादाची चाल दिली. डावा खांदा खाली, उजवा हात जास्त हलता. पूर्वी गोणी उचलायचा त्याची सवय. दुसऱ्या सीनमध्ये अस्वलराव पिंपात पडलेले पत्र काढायला वाकतो आणि डोके खाली, पाय वर असा आत जातो. तिथे वाकणे भागीरथी मावशींचे, एक हात कमरेवर. तिसऱ्याला चेहरा लागत होता, तो आरशातून माझाच घेतला.

पेन्सिलीच्या चित्रांची चाचणी पडद्यावर पाहिली तेव्हा सगळ्यांनी चाल लगेच ओळखली. महिपतदादा सगळ्यात जास्त हसला. म्हणाला, अरे, मला परदेशी पाठवलंस की रे.

१९ जानेवारी

महिपतदादा गेला.

शेजारच्या गाळ्यात लोखंडी कपाट दोरीने वर चढवत होते. तो खालून चहाची किटली घेऊन येत होता. मी खिडकीत होतो. डावा खांदा खाली. चौदाव्या चित्रात अस्वलराव मान वर करतो. त्याने मान वर केली. पंधराव्यात किटली सुटते. किटली सुटली.

बाकीचे खाली धावले. मी उभाच राहिलो. लाज वाटते लिहायला, पण मी तो उठायची वाट पाहत होतो.

२३ जानेवारी

सरांनी विचारले, चाल कोणाची घेतलीस. मी सांगितले. ते बराच वेळ पेन्सिलीला टोक करत राहिले.

मी विचारले, तो उठतो तो सीन कुठे आहे. म्हणाले, एका भागाचे तुकडे करून वाटतात. पडण्याचे आपल्याकडे येतात, उठण्याचे दुसऱ्या देशात जातात. तिथली माणसे तक्त्यावरून काढतात. ती तुझ्या महिपतला ओळखत नाहीत.

आणखी दोघांना काढल्याचे मी बोललो नाही.

२८ जानेवारी

मावशींचे पिंप पालथे केले. त्या चिडल्या. पाणी दोन दिवसांआड येते आणि हा मेला पिंप रिकामे करतो. मी सगळे खरे सांगितले. कमरेवर हात ठेवून हसल्या. नेमका तोच हात.

उठण्याचा सीन मीच काढायला बसलो. मुख्य चित्र माझ्याकडे नाही. शेवटच ठरलेला नसेल तर मधली चित्रे कुठे नेणार? सात काढली. सातव्यातही मावशी वाकलेल्याच आहेत.

३१ जानेवारी

मावशी. पिंपात. पाय वर—

सकाळी नळ आला तेव्हा शेजारच्या मालूने माझे पालथे केलेले पिंप सरळ करून भरले. पाणी गेले म्हणून अर्धेच भरले. पूर्ण भरलेले असते तर मावशींना तांब्या बुडवायला एवढे आत वाकावे लागले नसते.

मीच रिकामे केले होते.

२ फेब्रुवारी

सरांना तिसऱ्या सीनचे सांगितले. त्यांनी आधी माझा आरसा भिंतीकडे वळवला, मग विचारले, काय होतं त्यात.

अस्वलराव पत्र घेऊन धावतो. गच्ची संपते, त्याला कळत नाही. हवेत उभा राहतो. खाली पाहत नाही तोवर पडत नाही. चौतीस नंबरच्या चित्राला थांबतो. एकेचाळीसला खाली पाहतो.

स्टुडिओची मागची गॅलरी दुरुस्तीसाठी तोडली आहे. सरांनी स्वतः त्या दाराला कडी घातली.

६ फेब्रुवारी

जिने सोडले. तळमजल्यावर गोदामात बसून काम. जेवण जात नाही. चालताना फक्त जमिनीकडे—

९ फेब्रुवारी

पाकिटांची अदलाबदल झाली आहे. तिकडच्या कोणाची तरी चूक. आमच्या पत्त्यावर उठण्याचा सीन आला. मुख्य चित्रे, सगळी. शेवटचेसुद्धा. तो उठतो, अंग झटकतो, टोपी घालतो.

यात माझा चेहरा घालता येईल. सरांना दाखवतो. आत्ताच. वर आहेत.

—

वही डोळ्यांसमोर धरून लिहितो आहे. पाकीट पाहत धावत आलो. सर मागच्या दारात गवंड्याशी बोलत होते. कडी काढलेली होती. मी त्यांच्या बाजूने पुढे—

पायाखाली काही लागत नाही.

वारा आहे. सर दारातून हात लांब करताहेत. पोहोचत नाही. वर बघ, म्हणताहेत. वरच बघतो आहे.

पाकीट सुटले. पडल्याचा आवाज नाही.

चौतीस-एकेचाळीसच्या मधली सहा मीच काढली. छत्तीसमध्ये तो हसतो. मी हसतो आहे, थांबवता येत नाही.

सदतीस. अडतीस. मान आपोआप—

एकोणचाळीस

चाळी